झोताचा रंग, झोताचा पत्ता

बोर धरणाकडे जाताना हिंगणी लागते. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले हे गाव, आणि पलीकडे बोरचे जंगल. भाद्रपद-आश्विनात पाऊस उघडला की रात्री इथल्या एखाद्या वावराच्या धुऱ्यावर उभे राहावे. डोक्यावर हंस नक्षत्र पंख पसरून असते. त्या हंसाच्या मानेत, आपल्यापासून सुमारे सात हजार प्रकाशवर्षे दूर, एक कृष्णविवर आहे. त्याचे नाव सिग्नस एक्स-१. सूर्याच्या सुमारे एकवीसपट वस्तुमान असलेले हे विवर एका प्रचंड निळ्या ताऱ्याशी जोडी करून राहते आणि दोघे ५.६ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. अशा जोडीला कृष्णविवर-जोडतारा म्हणू.

कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मग या जोडीकडून रेडिओ लहरी येतात, अवरक्त किरण येतात, क्ष-किरण येतात, गॅमा किरणही येतात, ते कसे?

एका चुलीवर चार स्वयंपाक

कोडे नीट समजावे म्हणून गावातच पाहू. घरातल्या जुन्या रेडिओवर आकाशवाणी नागपूर लागते. त्या लहरी उंच मनोऱ्यावरून निघतात. चुलीतले निखारे न शिवताही हाताला ऊब देतात. ती अवरक्त किरणांची. देव्हाऱ्यातली समई डोळ्यांना दिसणारा उजेड देते. आणि हाड मोडले तर सेवाग्रामच्या रुग्णालयात जाऊन क्ष-किरणांचा फोटो काढावा लागतो. ही सारी एकाच कुळातली भावंडे आहेत. सगळ्या विद्युतचुंबकीय लहरीच, फरक फक्त लांबीचा. लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. रेडिओत ती काही सेंटिमीटरपासून शेकडो मीटरपर्यंत असते, दिसणाऱ्या प्रकाशात मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी आणि क्ष-किरणांत अणूच्या आकाराएवढी. लांबी जितकी कमी, तितकी लहरीची ऊर्जा जास्त.

गावात या चारांसाठी चार वेगळी साधने लागतात. कृष्णविवराच्या जोडीत मात्र विवराजवळून निघणारा एक चिंचोळा झोत रेडिओपासून गॅमापर्यंत सगळे देतो. एकच साधन इतक्या निरनिराळ्या लहरी कशा देते?

उत्तर एका ओळीत सांगता येते: झोताच्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या लहरी सुटतात, म्हणून लहर पाहून ती झोताच्या कोणत्या भागातून निघाली हे ओळखता येते. आता हे कसे घडते ते सुरुवातीपासून पाहू.

उजेड विवराबाहेरचा

पहिला गैरसमज दूर करू. जे काही चमकते ते विवराच्या बाहेर आहे. विवराची एक सीमा असते, तिच्या आत गेलेले परत येत नाही. स्वतःभोवती न फिरणाऱ्या विवरासाठी दर सूर्यवस्तुमानामागे सुमारे तीन किलोमीटर त्रिज्या धरली, तर एकवीस सूर्यांच्या विवराची त्रिज्या त्रेसष्ट किलोमीटरच्या आसपास येते. हिंगणीहून नागपूर गाठावे, साधारण तेवढेच अंतर. विवर स्वतःभोवती गरगरत असेल तर ही सीमा आणखी आत सरकते. एकवीस सूर्यांचा ऐवज एवढ्याशा जागेत!

शेजारच्या ताऱ्याचा वायू या विवराकडे ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही. न्हाणीघराच्या मोरीतले पाणी भोवरा करून जाते, तसा तो फिरत फिरत जातो आणि विवराभोवती वायूची पातळ तबकडी तयार होते. तबकडीचा आतला भाग वेगाने फिरतो, बाहेरचा सावकाश. थरावर थर घासला जातो आणि वायू तापतो. आतल्या काठाशी तापमान एक कोटी अंशांच्या घरात जाते. निखारा लाल दिसतो, ताव दिलेले लोखंड पांढरे दिसते आणि एक कोटी अंशांचा वायू क्ष-किरणांत चमकतो. तबकडीच्या आतल्या भागाभोवती अतितप्त, विरळ इलेक्ट्रॉनांचा एक ढगही असतो, त्याला प्रभामंडळ म्हणतात. तो या क्ष-किरणांना आणखी ऊर्जा देतो.

हायड्रोजनचे हेलियम होताना, म्हणजे सूर्याच्या पोटात, वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्के भाग ऊर्जा होतो. विवराकडे घसरणाऱ्या वायूकडून त्याच्या कितीतरी पट, सुमारे दहा टक्के आणि विवर वेगाने फिरत असेल तर त्याहूनही अधिक ऊर्जा मिळू शकते. धरणाचे पाणी जितके खोल पडेल तितकी वीज जास्त, आणि विश्वात याहून खोल उतार नाही.

पेळू आणि पीळ

ही झाली तबकडी. पण झोत? आत पडणाऱ्या वायूचा थोडा भाग तबकडीच्या वर आणि खाली, दोन्ही बाजूंना, प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करत बाहेर फेकला जातो. खाली ओढणाऱ्या जागेतून वर फेकणारे बळ येते कुठून?

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावायला चरखा पुरेल. पेळू हातात धरलेला असतो, चाते गरगर फिरते आणि तंतूंना पीळ बसतो. तबकडीतल्या वायूत चुंबकीय बलरेषा अडकलेल्या असतात. त्यांचे एक टोक फिरत्या तबकडीत, दुसरे वर दूरच्या संथ वायूत. खालचे टोक सेकंदाला अनेकदा फिरते, वरचे मागे राहते. पीळ चढत जातो. सुताला पीळ जास्त झाला की ते गुंडाळी करून उसळते. तशा या पिळलेल्या बलरेषा स्वतःत साठलेला ताण वरच्या दिशेने मोकळा करतात आणि जाताना विद्युतभारित कण सोबत घेऊन जातात. रॉजर ब्लँडफर्ड आणि डेव्हिड पेन यांनी १९८२ मध्ये तबकडीतून असा झोत कसा निघेल ते मांडले. त्याआधी १९७७ मध्ये ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी दाखवले होते, की फिरते कृष्णविवर भोवतालचे अवकाशच आपल्याबरोबर फरफटवते, म्हणून विवराची स्वतःची गिरकीही चात्याचे काम करू शकते. यातले कोणते चाते कुठे अधिक काम करते, यावर अजून वाद आहे. पीळ चुंबकीय आहे, याबद्दल मात्र आता फारसे कोणी शंका घेत नाही.

वळणावर उजेड सांडतो

झोतातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ धावतात. चुंबकीय क्षेत्रात शिरले की ते सरळ जाऊ शकत नाहीत. एखादा वेल काठीभोवती चढावा तसे बलरेषेभोवती वळसे घेत जातात. विद्युतभारित कण वळला की त्याच्याकडून लहरी सुटतात. चिखलातून छकडा निघाला की फिरत्या चाकावरून चिखल उडतो, तसा हा प्रकाश प्रत्येक वळणावर सांडतो. या प्रारणाला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. सिंक्रोट्रॉन हे कणांना गोल फिरवून वेग देणाऱ्या यंत्राचे नाव.

निघणारी लहर केवढी असेल, हे दोन गोष्टींवर ठरते: चुंबकीय क्षेत्र किती तीव्र आणि इलेक्ट्रॉन किती जोमाचा. क्षेत्र दुप्पट केले तर लहरीची वारंवारता दुप्पट होते. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा दुप्पट केली तर वारंवारता चौपट होते. झोतात सगळे इलेक्ट्रॉन सारख्या जोमाचे नसतात. मंद पुष्कळ, तेज थोडे, अतितेज अगदी मोजके. म्हणून एकाच जागेहूनही लहरींचा मोठा पट्टा निघतो.

त्यांना एवढा जोम देते कोण? बोर नदीला पूर येतो तेव्हा मागून आलेला जोरदार लोंढा पुढच्या संथ पाण्याला गाठतो आणि तिथे पाण्याची भिंत उभी राहते. झोतातही मागून सुटलेला वेगवान वायू पुढच्याला धडकतो आणि आघात-पृष्ठ तयार होते. या पृष्ठाच्या अलीकडे-पलीकडे इलेक्ट्रॉन टोलवले जातात. एकमेकींकडे सरकणाऱ्या दोन भिंतींमध्ये चेंडू उडवला तर दर टप्प्याला त्याचा वेग वाढेल, तसेच इथे होते. थोड्या फेऱ्यांत बहुतेक कण निसटतात. जे जास्त वेळ अडकून राहतात ते अतितेज होतात.

धुक्यातून काय दिसते

आता या लेखाचा गाभा. क्षेत्र आणि इलेक्ट्रॉन एवढेच पाहिले तर रेडिओ लहरी विवराशेजारूनही यायला हव्यात. तशा त्या येत नाहीत.

थंडीत पहाटे धरणाच्या पाण्यावर धुके असते. पाण्यालगत दाट, वर विरळ. काठावरून पाहणाऱ्याला धुक्याच्या पोटातले काही दिसत नाही. दिसते ती जागा जिथे धुके विरळ होते. झोताचेही तसेच आहे. बुडाशी तो अरुंद आणि दाट असतो, पुढे शंकूसारखा पसरतो आणि विरळ होतो. जो इलेक्ट्रॉन एखादी लहर बाहेर टाकतो तोच तशी लहर गिळूही शकतो; याला स्वशोषण म्हणतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की हे धुके सगळ्या लहरींना सारखेच दाट नसते. लांब लहरींना ते फार दाट, आखूड लहरींना विरळ.

म्हणून झोताच्या बुडाशी जन्मलेली रेडिओ लहर तिथेच गिळली जाते. अवरक्त किरण मात्र तिथून निसटतात. थोडे पुढे गेले की मिलिमीटर लहरींसाठी धुके फिटते, आणखी पुढे सेंटिमीटर लहरींसाठी, आणि फार दूर, जिथे क्षेत्रही मंदावलेले असते, तिथून मीटरभर लांबीच्या लहरी मोकळ्या होतात. साध्या शंकूच्या आकाराच्या झोतात हिशेबही सोपा निघतो: दहापट दूर जा, सुटणारी लहर दहापट लांब. दर टप्प्यावर निघणारी तेजस्विता जवळपास सारखी असल्यामुळे सगळ्यांची बेरीज केली की सेंटिमीटरपासून अवरक्तापर्यंत आलेख जवळजवळ सपाट येतो. १९७९ मध्ये ब्लँडफर्ड आणि आरिए कोनिगल यांनी ही मांडणी मोठ्या दीर्घिकांच्या झोतांसाठी केली होती. ताऱ्याएवढ्या विवरांनाही ती लागू पडली. एका सपाट रेषेत झोताची अख्खी लांबी वाचता येते, हे मला या विषयातले सर्वांत देखणे फळ वाटते.

सिग्नस एक्स-१ च्या झोताचे रेडिओ चित्र २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तो सूर्य ते नेपच्यून एवढ्या लांबीच्या आसपास दिसला.

---
चौकट : कोणती लहर कुठून

गॅमा किरण – झोतातले अतितेज इलेक्ट्रॉन ताऱ्याच्या प्रकाशकणांना टोलवतात तिथून.
क्ष-किरण – मुख्यतः तबकडीचा आतला काठ आणि प्रभामंडळ. सर्वाधिक ऊर्जेचे काही क्ष-किरण झोतातून.
दृश्य आणि अवरक्त – झोताचे बूड, शिवाय तबकडीचा बाहेरचा भाग आणि जोडीदार तारा.
रेडिओ – झोताचे दूरचे, पसरलेले टोक.
---

घड्याळ लावून तपासणी

मांडणी देखणी असली म्हणजे खरी असतेच असे नाही. ही खरी कशावरून? झोतातला माल बुडाकडून टोकाकडे जात असेल, तर बुडाशी झालेली गडबड आधी आखूड लहरींत दिसली पाहिजे आणि नंतर लांब लहरींत.

गरुड नक्षत्रात जीआरएस १९१५+१०५ नावाचा जोडतारा आहे. १९९२ मध्ये ग्रानात या उपग्रहाने तो शोधला. विवर सुमारे बारा सूर्यांचे. १९९४ मध्ये फेलिक्स मिराबेल आणि लुईस रोड्रिगेझ यांनी त्यातून सुटलेले ढग रेडिओत पाहिले. ते प्रकाशाहून वेगाने सरकताना भासत होते. तो भास झोत आपल्याकडे कललेला असल्यामुळे निर्माण होतो. खरा वेग प्रकाशाहून कमीच. १९९७ साली याच जोडताऱ्याकडे क्ष-किरण, अवरक्त आणि रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी रोखल्या गेल्या. क्ष-किरण एकाएकी मंदावले, म्हणजे तबकडीचा आतला भाग रिकामा झाला. मग अवरक्त उजळले. साधारण पाव तासाने रेडिओ उजळले, त्यातही आधी आखूड रेडिओ लहरी, मग लांब. क्रम अपेक्षेप्रमाणेच.

त्याच सुमारास मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि इस्रो यांनी बनवलेले क्ष-किरण उपकरण मार्च १९९६ मध्ये सोडलेल्या आयआरएस-पी३ उपग्रहावर काम करत होते. जीआरएस १९१५+१०५ चे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे क्ष-किरणांचे झटके त्यानेही टिपले. पीक-पाण्याची, जमिनीची पाहणी करण्यासाठी वर गेलेल्या उपग्रहावर हे उपकरण बसले होते, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे.

याहून बारीक मोजमाप हंस नक्षत्रातल्याच व्ही४०४ सिग्नी या जोडताऱ्यात झाले. जून २०१५ मध्ये तो भडकला. पोषक गांधी यांच्या गटाने क्ष-किरणांचे आणि दृश्य प्रकाशाचे लुकलुकणे सेकंदाच्या लहान अंशांपर्यंत मोजले. झोत जोरात असताना दृश्य प्रकाशाचे चमकारे क्ष-किरणांच्या मागून ०.१ सेकंदाने येत होते. प्रकाश तेवढ्या वेळात तीस हजार किलोमीटर जातो. तेवढे पृथ्वीला एक पुरा वेढा घालायलाही पुरत नाही. विवरापासून त्या अंतराच्या आसपास झोत पहिल्यांदा उजळतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हजारो प्रकाशवर्षे दूरच्या या जागेचा फोटो कोणतीच दुर्बीण काढू शकत नाही, पण घड्याळाने तिचे माप घेता आले.

विटीदांडू

गॅमा किरणांचे काम वेगळे आहे. सिंक्रोट्रॉन तिथवर सहसा पोचत नाही. इथे अतितेज इलेक्ट्रॉन म्हणजे दांडू आणि ताऱ्याकडून आलेला साधा प्रकाशकण म्हणजे विटी. टोला बसला की प्रकाशकण कैकपट ऊर्जा घेऊन उडतो. याला व्यस्त कॉम्प्टन विकिरण म्हणतात. सिग्नस एक्स-३ या जोडीत तारा आणि त्याचा घट्ट सोबती ४.८ तासांत एकमेकांभोवती फिरतात. २००९ मध्ये फर्मी उपग्रहाला तिथले गॅमा किरण त्याच ४.८ तासांच्या तालावर कमी-जास्त होताना दिसले. विट्या ताऱ्याकडूनच येत आहेत, याचा हा चांगला पुरावा. झोतात इलेक्ट्रॉनांबरोबर जड कणही असू शकतात: एसएस ४३३ या जोडताऱ्याच्या झोतात, जो प्रकाशाच्या २६ टक्के वेगाने जातो, लोहाच्या खुणा सापडल्या आहेत. असे जड कण वायूवर आदळूनही गॅमा किरण निघतात. लडाखमध्ये हानले येथे ४,२७० मीटर उंचीवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण अशाच किरणांसाठी आहे.

एक दुर्बीण पुरत नाही

१९७१ सालची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिग्नस एक्स-१ चे क्ष-किरण १९६४ मध्ये अग्निबाणातून पाठवलेल्या उपकरणाला दिसले होते, पण ते नेमके कोणत्या ताऱ्याकडून येतात हे सांगता येत नव्हते. क्ष-किरणांचा पत्ता फार ढोबळ होता. १९७१ च्या वसंतात त्याच भागात अचानक एक रेडिओ स्रोत उगवला, आणि त्याच सुमारास कमी ऊर्जेचे क्ष-किरण घटले. दोन्ही एकाच घटनेच्या दोन बाजू होत्या. रेडिओने पत्ता अचूक दिला, तिथे एचडीई २२६८६८ हा निळा तारा सापडला, त्याची डगमग मोजली गेली आणि कृष्णविवराचा पहिला भक्कम दावेदार मिळाला. तबकडी आत सरकून मऊ, कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांनी भरली की झोत आटतो. क्ष-किरण कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, झाले की झोत वाहू लागतो. हा नियम आज अनेक जोडताऱ्यांत पाहिला गेला आहे.

दोन टोकांच्या लहरी पाहण्याची साधने महाराष्ट्राने घडवली आहेत. जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडलेल्या आहेत. साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपेक्षा जास्त लांबीपर्यंतच्या लहरी ती ऐकते, म्हणजे झोताचे अगदी दूरचे टोक. दुसरीकडे २८ सप्टेंबर २०१५ ला सुटलेला अॅस्ट्रोसॅट उपग्रह. त्याची क्ष-किरण उपकरणे घडवण्यात टाटा संस्थेचा मोठा वाटा, आणि त्यातल्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइड उपकरणात पुण्याच्या आयुका संस्थेचाही.

याच उपकरणाने सिग्नस एक्स-१ बद्दलच्या एका जुन्या वादात मोलाची साक्ष दिली. सर्वाधिक ऊर्जेचे क्ष-किरण प्रभामंडळातून येतात की झोतातून? दोन्हींचा रंग सारखाच, मग ओळखायचे कसे? ध्रुवीकरणाने. कुंपणाच्या उभ्या फटीतून दोरी ओवून हेलकावे दिले, तर उभे हेलकावे पार जातात, आडवे अडतात. प्रकाशाची लहरही अशी एखाद्या दिशेने हेलकावत असते. सगळ्या लहरी एकाच दिशेने हेलकावत असतील तर प्रकाश ध्रुवित. नीट रचलेल्या चुंबकीय क्षेत्रातले सिंक्रोट्रॉन प्रारण खूप ध्रुवित असते. प्रभामंडळातले त्या मानाने थोडे. २०२२ मध्ये नासाच्या आयएक्सपीई उपग्रहाला कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांत सुमारे चार टक्के ध्रुवीकरण मिळाले. ते प्रभामंडळाशी जुळते. अॅस्ट्रोसॅटने त्याहून कितीतरी अधिक, १०० ते ३८० किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे किरण पाहिले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विवर एका विशिष्ट मधल्या अवस्थेत असताना हे ध्रुवीकरण सुमारे २३ टक्के होते; पूर्ण कठीण अवस्थेत ते दिसले नाही. या मधल्या अवस्थेत तरी उच्च ऊर्जेच्या किरणांत झोताचा हात आहे, असे मानायला मला हे पुरेसे वाटते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री आठच्या सुमारास हंस नक्षत्र हिंगणीच्या आकाशात डोक्यावर, किंचित उत्तरेला कललेले असते. एचडीई २२६८६८ साध्या डोळ्यांना दिसत नाही, त्याची प्रत नऊच्या आसपास आहे. पण शाळेतल्या लहानशा दुर्बिणीतून तो दिसू शकतो. बोरच्या जंगलाकडचा काळोख अजून शिल्लक आहे. मुलांना घेऊन एकदा तिथे जा आणि हंसाच्या मानेतला तो ठिपका त्यांना शोधू द्या.